गवताच्या मशीनचं पातं

"आधी स्पार्क प्लगची वायर काढायची. मग बाकीचं."

गवत कापायचं मशीन गॅरेजच्या दारात होतं. नवरा खुर्चीत बसून सांगत होता, बायको त्याच्या पायाशी फरशीवर बसून ऐकत होती.

"वायर कशाला? मशीन तर बंदच आहे."

"पातं फिरवताना इंजिन पेटलं तर? बोटं काय बाजारात मिळतात?"

तिने वायर काढली. मशीन आडवं करायला गेली, तोच तो ओरडला, "त्या कुशीवर नाही! सगळं तेल फिल्टरमध्ये जाईल!"

तिने जीभ चावली आणि मशीन दुसऱ्या कुशीवर कलंडवलं.

सकाळी मुलाचा फोन आला होता. "आई, पातं सरळ दुकानात धार लावायला टाक. हात कापून बसशील." तिने "बघू" म्हणून विषय बदलला होता. आजारपणापासून नवऱ्याचे हात थरथरायचे, कानस धरवत नसे. दिवसचे दिवस खिडकीशी गप्प बसून असायचा. डॉक्टर म्हणाले होते, काहीही करा, पण त्यांना बोलतं ठेवा.

बोल्ट सैल करून तिने पातं काढलं, व्हाइसच्या पकडीत आवळलं आणि कानस खसाखसा मागेपुढे घासू लागली.

"करवत आहे का ती?" तो खुर्चीतून पुढे झुकला. "एकाच दिशेने. पुढे ढकलायची, उचलायची, परत पुढे. आहे तोच उतार धरायचा."

"असं?"

"अस्सं. आणि वस्तऱ्यासारखी धार नको. खडा लागला की दुमडते."

लोखंडाचा कीस तिच्या मांडीवर सांडत राहिला. नवऱ्याचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा खणखणीत झाला. दोन्ही टोकं उजळल्यावर त्याने पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवायला लावलं. डावी बाजू खाली गेली.

"जड बाजूला अजून चार हात. नाहीतर मशीन थडथडेल."

तिसऱ्या खेपेला पातं खिळ्यावर सरळ राहिलं. त्याने चक्क टाळी वाजवली. तिने पातं बसवलं, बोल्ट आवळला, वायर जोडली, दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात मशीन सुरू झालं.

तिने ते बंद केलं आणि हात पुसत त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तो हसत होता.

"छान जमलं तुम्हाला," तो म्हणाला. "थांबा जरा, माझी बायको येईलच एवढ्यात. तिला दाखवू. मला हे सगळं तिनेच शिकवलंय."