महाशीर हाय का न्हाई

दर पावसाळ्यात दुर्मीळ महाशीर मासे धारेच्या उलट चढून इस्लापूरजवळच्या डोहात येतात आणि काठावरची पंचफुलाबाई तिथं कुणाला जाळं टाकू देत नाही. चैत्रात सर्वेक्षणाचे साहेब आले.

"मावशी, इथं महाशीर येतो का?"

माशाची चौकशी करणारा शेवटी कालवणावरच येतो, हा तिचा अनुभव. "न्हाई बा. कवाच संपला."

साहेबांनी लिहून घेतलं. "असता तर डोह राखीव करायचा होता. आता इथं रेती उपशासाठी रेतीघाट द्यायला हरकत नाही."

"थांबा साहेब, हाय! लई हायत!"

"दाखवा."

"आता उन्हाळ्यात कुठून दाखवू? पाण्याबरोबर येतेत."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "रेतीचं नाव काढलं की सगळ्याच गावांत मासे निघतात, मावशी."