न थांबणाऱ्या पेशी

"पुन्हा तेच!" मॅडमनी हातातली वही टेबलावर आपटली. "मामा, इकडे या आधी."

मामा हात पुसत आले. प्रयोगशाळेत ते मॅडमच्याही आधीपासून होते. बाटल्या धुण्यापासून फ्रीजरच्या किल्ल्यांपर्यंत सगळं त्यांच्याकडे.

"सलग तिसऱ्यांदा! या प्रथिनाचं काम एकच, रक्तातल्या टी-पेशींना 'बास' म्हणायचं. आणि त्या थांबायचं नाव घेत नाहीत. फ्रीजर उघडा टाकला होतात ना?"

"नाही मॅडम."

"मग प्रथिन काय आपोआप नासलं?"

मामा खाली वाकून टेबल पुसू लागले. ते बघून मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन प्रथिनांचे तुकडे जोडून हे एक घडवायला त्यांची चार वर्षं गेली होती. रोगाशी लढायच्या पेशी बेफाम होऊन आपल्याच शरीरावर उलटतात, त्यांना आवर कसा घालायचा, हे त्यावरून कळणार होतं. आणि हा माणूस! हल्ली सकाळी उशिरा यायचा. हातातून काचसामान निसटायचं. काल तर बाटलीचं साधं झाकण उघडेना.

"बोटं जरा आखडतात सकाळची," मामा पुटपुटले.

"बोटं नाही, नियत आखडलीय तुमची."

संध्याकाळी मॅडम थेट संचालकांकडे गेल्या. दोन दिवसांनी मामांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, "येतो मॅडम" म्हणाले. मॅडमनी मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नवीन प्रथिन तयार केलं. मामांचा निष्काळजीपणा कागदावर पक्का करायचा, म्हणून जुन्या बाटलीतलं प्रथिनही शेजारी तपासायला लावलं. खालच्या मजल्यावरच्या सिस्टरनी नेहमीसारखं ताजं रक्त पाठवलं. नळीवर दात्याचं नाव कधीच नसायचं, नुसता नंबर.

निकाल आला. नव्या प्रथिनाने पेशी थांबल्या.

जुन्यानेही थांबल्या. अगदी तितक्याच.

मॅडमनी नळी उचलून बघितली. नंबर नऊ. आजवर प्रत्येक वेळी चार असायचा.

त्यांनी फोन उचलला. "सिस्टर, मला न विचारता दाता बदललात?"

"इलाज नव्हता, मॅडम."

"इलाज नव्हता म्हणजे? महिनाभर मी प्रथिनाला दोष देतेय आणि खोट त्या रक्तात! अहो, त्या माणसाच्या पेशी कशालाच जुमानत नाहीत. आतून पोखरतायत त्याला. आजच्या आज बोलवा आणि डॉक्टरकडे पाठवा."



"दात्याचं नाव सांगायचं नसतं, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "पण बोलवू कुठून? तुम्हीच काढून टाकलंत ना त्यांना."