एक कुठला?

"गाणं बी पट्टीत घ्यायचं. चढं," ब्रेंट म्हणाला. "मॉलमध्ये वाजायला हवंय हे, गाडीत वाजायला हवंय. कळलं?"

"हो," शेल्बी टॅकेट म्हणाली.

"आणि हर्शलला आज वाजवू दे. मागाहून त्याच्या स्टील गिटारचा आवाज काढून टाकू. स्टील रडायला लागलं की पॉपवाले स्टेशन बदलतात."

"हो," ती पुन्हा म्हणाली. निर्मात्यापुढे दुसरं काय म्हणणार? ही पॉपची झाली म्हणून कंट्री, म्हणजे गावाकडच्या गाण्यांच्या, रेडिओ स्टेशनांनी तिला दोन वर्षांपूर्वी टाकलं. ही अजून कंट्रीच म्हणून पॉप स्टेशनांनी मागच्या वर्षी टाकलं. तेलही गेलं, तूपही गेलं. रेकॉर्ड कंपनीकडचं हे तिचं शेवटचं गाणं होतं. चाललं तर पुढचं बघू, नाहीतर राम राम, असं तिला तोंडावर सांगितलेलं.

ती ब्रेंटच्या काचेच्या खोलीतून बाहेर स्टुडिओत आली. सकाळचे सव्वादहा झाले होते. वादक आपापल्या जागी बसून कागद लावत होते. नॅशव्हिलच्या वादकांच्या कागदावर स्वर नसतात, नुसते आकडे असतात. एक, चार, पाच, पुन्हा एक. एक म्हणजे सा, घर. तो कुठे धरायचा ते गाणाऱ्याने सांगायचं, मग बाकीचे आकडे आपोआप जागेवर बसतात.

म्हातारा हर्शल आपल्या पेडल स्टीलमागे बसून सॉसेज भरलेलं पावासारखं बिस्किट खात होता. ही गिटार टेबलासारखी आडवी असते आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवतात. त्याने बोटं पॅंटला पुसली.

"काय पोरी, एक कुठला? जीच ना? आईच्या व्हरांड्यात बसून लिहिलंस तसा?"

"हो, मिस्टर हर्शल. जीच."

असं का म्हणाली, देव जाणे. त्या क्षणी तिला ते अगदी खरं वाटलं.

हर्शलने बेसवाल्याला आणि फिडलवाल्याला जी सांगितला. तिकडे ब्रेंटने हेडफोनमधून पियानोवाल्या ड्वाइटला आणि गिटारवाल्याला बी सांगितला. कागद सगळ्यांचा एकच, आकडे तेच. कुणाला संशय येणार?

ड्रमवाल्याने चार मोजले.

अरे देवा! दोन वरातींचे बँड एकाच गल्लीत समोरासमोर घुसावेत तसा आवाज झाला. फिडलवाल्याने तर गज खालीच ठेवला.

"चार कुठे वाजवतोयस, म्हाताऱ्या?" ड्वाइट ओरडला. "कागद बघ की!"

"चारच वाजवतोय! तू तुझा चष्मा पूस आधी!"

"माझाही चारच आहे!"

"तुझा एक कुठला?"

"बी. तुझा?"

"जी. हिनेच सांगितला की मला."

"बी पण हिनेच कबूल केलाय," हेडफोनमध्ये ब्रेंटचा आवाज आला. "शेल्बी?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचे कान तापले. दहा वर्षं गातेय मी आणि एवढं साधं मला सांगता येऊ नये, असं वाटून तिला स्वतःचीच चीड आली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "ब्रेंट म्हणाला ते पटलं. मिस्टर हर्शल म्हणाले तेही पटलं. सकाळपासून मला सगळ्यांचंच पटतंय."

ब्रेंटने घड्याळ बघितलं.

"वाजवू नका रे कुणी," हर्शल म्हणाला. "पोरी, तू नुसती गा. लागेल तिथे लाव. जिथे लागेल तो एक. आम्ही येतो मागून."

तिने डोळे मिटले. मग ती गायला लागली.

"आई माझी तेरा कणसांना डझन म्हणायची..."

ड्वाइटने एक पट्टी दाबून बघितली. तिच्या सुराच्या खाली गेली. त्याने शेजारची दाबली, ती वर गेली. पुन्हा पहिली दाबली.

"आयला, ही फटीत गातेय," तो गिटारवाल्याच्या कानाशी पुटपुटला. "दोन पट्ट्यांच्या मधे. पियानोवर ही जागाच नाही."

गिटारवाल्याने गिटारच्या मानेवरच्या पडद्यांवर बोट फिरवलं आणि खांदे उडवले. बेसवालाही थांबला.

हर्शलने कांडी केसभर पुढे सरकवली. मग अर्धा केस मागे घेतली. मान तिरकी करून तिचा आवाज ऐकला आणि हळूच एक तार छेडली.

"आहे," तो म्हणाला. "इथे आहे."

मग पूर्ण एक कडवं फक्त दोघांचंच झालं, तिचा आवाज आणि त्याचं स्टील. ड्वाइटने कागदावरचा 'बी' खोडला. त्या जागी काय लिहावं ते न सुचून त्याने पेन्सिल कानामागे खोचली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

हेडफोन खरखरला.

"छान आहे गं, पण यातून आता मी स्टील काढू कसं?" ब्रेंट म्हणाला. मग त्याने अगदी हळू विचारलं, "शेल्बी, आहेस कुठे तू?"

तिला कुठे माहीत होतं! शेजारून कांडी आपल्याबरोबर सरकतेय एवढंच तिला ऐकू येत होतं.

तिने दुसरं कडवं उचललं.