चरबीचे तीन हात

व्हर्लानं नवा नॉनस्टिक पॅन दांड्याला धरून खांद्याइतका वर उचलला आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. मनगट थरथरलं नाही.

"हाच घे, आई," तिची मुलगी जोलेटा म्हणाली. "हा हातातून सुटायचा नाही." तिची नजर आईच्या पायाकडे गेली. बिडाचा तवा पडून अंगठा चेचल्याला अकरा दिवस झाले होते. पट्टी अजून होती.

"टिकेल किती?" व्हर्लानं दुकानदाराला विचारलं.

"पाच थरांचा आहे, व्हर्लाबाई," ड्यूई म्हणाला. "नीट वापरलात तर आठ वर्षं कुठे जात नाहीत."

"आठ? माझ्या आईचा तवा नव्वद वर्षांचा आहे."

"आणि तू अठ्ठ्याहत्तरची," जोलेटा म्हणाली. "आठ पुरे झाली."

ड्यूईनं हसू दाबलं. "फक्त रिकामा तापवू नका. थर जळला की विषारी वायू निघतो. डोळ्यांना दिसतही नाही."

"रिकामी भांडी तापवत बसायला मला वेड लागलंय का?"

घरी आल्यावर जोलेटानं पिशवी ओट्यावर ठेवली, पण कोट काढला नाही. "आता ऐक. या स्वयंपाकघरात आणखी एक गोष्ट झाली, एकच, तर गॅस काढून टाकायचा आणि तू लेक्सिंग्टनला माझ्याकडे यायचं."

"तुझ्या खिडकीतून नुसत्या गाड्या दिसतात."

"डोंगर दिसले नाहीत म्हणून कुणी मरत नाही. उद्या जेवायला येते. बघू कसं जमतंय."

ती गेली. उद्याच्या जेवणात मक्याचा पाव हवाच, म्हणजे हा नवा तवा आजच मुरायला हवा. नव्या तव्याला चरबीचे तीन हात द्यायचे, हे व्हर्ला सहा वर्षांची असल्यापासून जाणत होती. बोटभर चरबी लावायची, ती दिसेनाशी होईपर्यंत फडक्यानं पुसायची, मग मोठ्या आचेवर धूर निघून थांबेपर्यंत तापवायचं. त्यानंतर पंधरा मिनिटं आणखी. पूर्ण निवल्यावर दुसरा हात. हा तवा काही रिकामा नव्हता. चरबी होती की त्यात.

पहिला हात अकरा वाजता झाला. धूर थांबला, पण बिडाचा रंग पालटतो तसा याचा पालटेना. तिनं आणखी दहा मिनिटं दिली.

जेवायला बसताना तिच्या लक्षात आलं की डीकन गप्प आहे. तो तिचा हिरवा पोपट. एरवी तिच्या प्रत्येक वाक्याला चर्चमधल्या वडीलधाऱ्यासारखी मान डोलवायचा. ती पिंजऱ्याजवळ गेली. तो तळाशी पडला होता, चोच उघडी, अंग अजून कोमट.

तिनं त्याला तळहातावर घेतलं. पिंजऱ्यामागच्या खिडकीच्या फटीतून ऑक्टोबरचा वारा येत होता. वारा बाधला, ती मनाशी म्हणाली. तिनं डीकनला धुतलेल्या रुमालात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवलं आणि फटीत टॉवेल कोंबला. दाराखालीही एक लावला. दुसरा हात तीन वाजता झाला.

सहाला फोन आला.

"काय, जमतंय का?" जोलेटानं विचारलं.

"जमायला काय झालं? पिसासारखा हलका आहे."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"जरा वारा लागला. खिडक्या लावून घेतल्यात."

"आणि डीकन? फोन वाजला की घर डोक्यावर घेतो, आज एवढा शहाणा कसा?"

व्हर्लानं पिंजऱ्याकडे पाहिलं. साधं पाखरू सांभाळता येत नाही, म्हणेल, आणि उद्या येताना सामान भरायला खोकी घेऊन येईल.

"झोपलाय," ती म्हणाली.

"बरं. तूही पड लवकर."

"एवढं एक काम उरकते नि पडते."

फोन ठेवल्यावर तिला खोकल्याची ढास लागली. छातीवर कुणी हात ठेवून दाबल्यासारखं वाटत होतं. तिनं ओटा धरला, ढास थांबू दिली, आणि निवलेल्या तव्याला चरबी लावून ती निगुतीनं पुसून काढली. मग आच मोठी केली. थोडा धूर आला आणि विरला. आता पंधरा मिनिटं. नाही, वीस.

अंगात हुडहुडी भरली होती. तिनं शाल घट्ट लपेटली आणि खुर्ची शेगडीच्या जवळ ओढून घेतली.