मंचरला नको

"मंचरला न्हाई जायाचं," चिमाजी म्हणाला. "आळेफाट्यावर काय गॅरेजं कमी हायेत व्हय?"

मोहिनीनं तिसरा गिअर टाकला. खालून खरखर आवाज आला आणि दांडा तिच्या मुठीत थरथरला.

डिंगोऱ्यातून निघाल्यापासून गिअरबॉक्स कुरकुरत होता. सासरा त्याच्याहून जास्त.

परवा भाजी घेऊन कल्याणला जाताना माळशेज घाटात गिअर आपोआप सुटला होता. भरलेला ट्रक उतारावर मोकळा धावला. ब्रेकवर अक्षरशः उभी राहून तिनं तो कठड्याला टेकवला. गिअर ऑइल बदलल्याशिवाय पुन्हा घाटात पाऊल टाकायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. तेल कुठं बदलायचं यावरून मात्र तेव्हापासून घरात भांडण पेटलं होतं.

"फाट्यावरच्यानं मागल्या वर्षी आपल्यासमोर नवा डबा फोडला आन् आत जुनंच तेल भरलं," ती म्हणाली. "त्याच्यामुळंच ही पाळी आली."

"मग ओतूरला दाखव."

"ओतूर मागं गेलं. तिथं तुमी झोपला व्हता."

"तोंड लई चालतंय तुझं."

"गाडी बी मीच चालवती."

चिमाजी खिडकीबाहेर थुंकला. ट्रक त्याच्या मुलाचा, गोकुळचा. चार वर्षांपूर्वी गोकुळ दुसऱ्या एका मालकाची गाडी घेऊन गुजरातकडे गेला आणि अपघाताची खबर आली. चिमाजी एकटाच गेला. तिकडंच अग्नी देऊन आला. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच त्यानं सांगितलं. भिंतीवरच्या फोटोला हारही त्यानंच घातला.

वर्षभर मोहिनी उठली नाही. मग उठली ती थेट ट्रक शिकायलाच गेली. गाव हसलं. चिमाजी हसला नाही, पण बाईमाणूस एकटी नको म्हणून दर खेपेला शेजारी येऊन बसू लागला. बसायचा आणि टोचायचा.

आळेफाटा आला. तिनं ट्रक पुण्याच्या अंगाला वळवला.

"थांबव," चिमाजी ओरडला. "माझ्या पोराची गाडी हाय ही!"

तिनं चौकाच्या तोंडाशीच ब्रेक मारला. "उतरा मग. समोर एस्टी लागलीय. जावा घरी."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. चिमाजी उतरला नाही. त्यानं दाराची कडी घट्ट धरून ठेवली.

"मंचरात कुठं?" ट्रक पुन्हा निघाल्यावर त्यानं विचारलं.

"जुन्या रस्त्याला. रामदास मिस्त्री. कल्याणच्या मार्केटात संपत डायवर सांगत व्हता, मानूस सरळ हाय म्हणून."

नारायणगाव जवळ येईपर्यंत चिमाजी दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. मग अचानक आवाज मऊ करून म्हणाला, "हितं माझ्या वळखीचा मिस्त्री हाय. माझं ऐक, पोरी."

चार वर्षांत पहिल्यांदा तो तिला पोरी म्हणाला होता. तिचा संशय आणखी वाढला. या मिस्त्र्याकडून म्हाताऱ्याला चार पैसे सुटत असणार.

"मामंजी, घाटात गाडी सुटली तवा तुमी बी माझ्या शेजारीच व्हता. इसरला?"

"तुझ्या पायगुणानं माझा पोरगा गेला," चिमाजी दात खात म्हणाला. "आता मला बी खा."

हे तिनं पूर्वीही ऐकलं होतं. तिनं एक्सलेटर दाबला. नारायणगाव मागं गेलं.

रामदास मिस्त्रीचं गॅरेज जुन्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मागं तीन-चार घरं. रामदासनं आधी नवा डबा मोहिनीच्या हातात देऊन सील तपासायला लावलं आणि मगच तो ट्रकखाली शिरला. बोल्ट काढल्यावर घमेल्यात डांबरासारखं तेल पडलं. त्यानं ते बोटावर घेऊन उन्हात धरलं. त्यात लोखंडाचा कीस चमकत होता.

"ताई, अजून एक घाट चढला असता, तर गिअर जाम झाला असता. बरं झालं आलात."

मोहिनीनं केबिनकडं पाहिलं. हे म्हाताऱ्याच्या कानावर जायलाच हवं होतं. पण चिमाजीनं काच वर केली होती आणि उपरणं तोंडावर ओढून घेतलं होतं. एवढ्या उन्हात. त्याची छाती भरभर वरखाली होत होती.

तिचा राग जरा निवला. काही झालं तरी म्हातारा माणूस. एकुलता एक मुलगा गमावलेला.

"मिस्त्री, जरा पानी मिळंल का? मामंजींना बरं वाटत न्हाई."

रामदासनं हात पुसत मागच्या घराकडं हाक दिली. "वैनी, तांब्याभर पाणी पाठवा!"

मोहिनीनं केबिनचं दार उघडलं. "उतरा खाली. सावलीत बसा. झालं गेलं सोडा आता."

"मला न्हाई उतरायचं," चिमाजी उपरण्याआडून म्हणाला. "गाडी चालू कर. तुझ्या पाया पडतो, चल हितनं."

तिनं त्याचा हात धरला. उपरणं खाली घसरलं.

दोन्ही हातांनी तांब्या सांभाळत पाच-सहा वर्षांची एक मुलगी शेडमध्ये आली. तिनं केबिनकडं पाहिलं, तांब्या जमिनीवर ठेवला आणि आनंदानं घराकडं वळून ओरडली, "पप्पा! आजोबा आले!"

"आज कसे काय आले?" म्हणत, अर्धी दाढी झालेला गोकुळ दारात आला.