कुशीवर कोण वळवणार?

मुलीला परदेशात मुलगी झाली, त्या वर्षीची गोष्ट. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले आजोबा दिवसभर फोनवर विमानप्रवासाचे ब्लॉग वाचत आणि आजीच्या मागे लागत.

"हे बघ, पाय लांब करायला कुठली सीट घ्यावी, सगळं लिहिलंय. नातीला बघून ये."

"माझे कान दुखतात."

"कानांवरही लेख आहे."

"मला भीती वाटते."

"त्यावर तर एका वैमानिकानेच लिहिलंय."

त्यांच्याखालची चादर बदलता बदलता आजी दमून खाली टेकली. "भारीच शहाणे हो तुमचे ब्लॉगवाले! मग विचारा की त्यांना, मी गेल्यावर तुम्हाला कुशीवर कोण वळवणार?"

आजोबांनी फोन पुन्हा हातात घेतला. मग डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधत त्यांनी तिचा प्रश्न खरोखरच त्या वैमानिकाला लिहून पाठवला.

उत्तर यायला फार दिवस लागले. "काका, तुम्हालाही विमानातून स्ट्रेचरवर झोपवून नेता येतं. डॉक्टरांना विचारा आणि दोघंही जा."

आजीने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. नात चालायला लागली त्याच आठवड्यात, उत्तर यायच्या थोडेच दिवस आधी, आजोबा वारले होते.