ओकारीवरची गोळी

सकाळपासून ओकून ओकून सुनेच्या पोटात घोटभर पाणी ठरत नव्हतं, आणि मांडीवर तान्हं भुकेनं कळवळत होतं. तिनं गोळी हातात घेतली, तशी सासू कडाडली, "अगं, दुधातून बाळाच्या पोटात जाईल ना ती! मी नव्हती हो घेतली कधी."

"अंगावर पाजतेय हे डॉक्टरांना सांगूनच आणलीय, आई. ही चालते म्हणाले. आणि तुम्ही नाही घेतलीत, मग तुमच्या लेकाला वरचं दूध का पाजावं लागलं?"

सासूचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात सुनेच्या ओकाऱ्यांचं कळून सासूच्या थोरल्या जावेचा फोन आला, "गोळीबिळी देऊ नकोस हं तिला!"

"दिलीसुद्धा," सुनेपुढे पाण्याचा पेला धरत सासू म्हणाली. "तेव्हा तुमचं ऐकून अशीच ओकत राहिले नि माझं दूध आटलं, तेवढं पुरे झालं, जाऊबाई."